अमळनेरच्या मेडिकलवाल्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

आम्ही दुबईहून सुखरूप परत आलो. दुकानात येऊन सांगणारच आहे, पण चार गिऱ्हाईकं उभी असली की मला नीट बोलता येत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांसमोर.

माझ्या लेकीला टाइप वन डायबेटीस आहे. वय तेरा, दिवसाला चार इंजेक्शनं. मे महिन्यात भावाकडे जायचं ठरलं, तेव्हा तिकीट काढून देणाऱ्याने बेधडक सांगितलं, "सुया हातातल्या बॅगेत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत टाका." मी तसंच करणार होते. त्या दिवशी फक्त इन्सुलिनच्या पेनच्या सुया घ्यायला तुमच्याकडे आले आणि बोलता बोलता हे सांगितलं. तुम्ही हातातलं बिल तसंच बाजूला ठेवलंत.

विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. बॅग हरवली तर काय, हा प्रश्नही माझ्या मनात आला नव्हता. तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत: लागेल त्याच्या दुप्पट घ्या, अर्धं माझ्या पर्समध्ये, अर्धं तिच्या वडिलांच्या पिशवीत, सगळं मूळ खोक्यात, बिलासकट.

मग तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी मागितलीत. तिच्यावर लेकीचं घरचं नाव होतं आणि पासपोर्टवर शाळेतलं. पाच वर्षं तीच चिठ्ठी आम्ही वापरतोय, आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तुम्ही स्वतः डॉक्टरांना फोन केलात, आणि दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र मिळालं. पासपोर्टवरचं नाव, दोन्ही इन्सुलिनची नावं, पेन, सुया, ग्लुकोमीटर, दंडावरचा साखर दाखवणारा सेन्सर, आणि साखर उतरली तर लागणारा ज्यूस. ज्यूस तुम्हीच आग्रहाने लिहायला लावलात. ग्लुकोज पावडर मी स्टीलच्या डबीत ओतून नेणार होते. तुम्ही म्हणालात, "माय, पांढरी पूड बिनलेबलची नेशील तर तासभर उभी राहशील." सीलबंद डबाच घेतला.

मी महागडा थंड पेटारा घ्यायला तयार होते. तो तुम्ही विकला नाहीत. घरातून पाण्यात भिजवायची ती निळी पिशवी आणून दिलीत. लाइट गेली की आम्ही इन्सुलिन माठाजवळ ठेवतो, त्याच तत्त्वावर ही चालते: पाणी वाळतं तसा गारवा येतो. आपल्याकडच्या चव्वेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात ती छान चालेल, पण मुंबईच्या दमट हवेत पाणी लवकर वाळत नाही, तिथे भरवसा ठेवू नका, एसीत बसा, हेही तुम्हीच सांगितलंत. अगदी तसंच झालं. जळगाव स्टेशनवर पिशवी गार होती, मुंबईत उतरल्यावर नुसती ओली.

आणि विमानतळावर, अण्णा, रांगेतच लेकीचा चेहरा उतरला. सेन्सरवर साखर ६८, बाण खाली, म्हणजे अजून उतरतेय. आंतरराष्ट्रीय विमानात १०० मिलीच्या वर पातळ पदार्थ नेऊ देत नाहीत आणि माझ्या हातात २०० मिलीचा ज्यूस. माझा तर आवाजच फुटेना. मी फक्त पत्र पुढे केलं. तिथल्या वर्दीतल्या ताईंनी ते वाचलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी पिऊ दे तिला." खुर्ची दिली. पंधरा मिनिटांनी ९४ आलं, तेव्हा कुठे तिच्या हातांचा थरकाप थांबला. सेन्सरच्या पुस्तिकेत एक्स-रे आणि पूर्ण शरीराचा स्कॅनर टाळा असं छापलंय, त्या ओळीखाली तुम्ही पेनाने रेघ मारून दिली होती. ताईंनी पडद्याआड नेऊन हातानेच तपासणी केली. सुया मोजल्यासुद्धा नाहीत, पत्राशी ताडून परत दिल्या. त्या ताईंचं नावही मला विचारता आलं नाही. हे पत्र कुणी त्यांच्यापर्यंत पोहोचवलं तर आभार त्यांचेही.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "चिंता नको करू माय, मी शे ना." विमानात बसल्यावर पट्टा लावताना मला तेच आठवलं आणि रडू आलं. लेकीचा आजार कळल्यापासून मी प्रत्येक गोष्ट एकटीने लक्षात ठेवत आले. तुम्ही ते ओझं दोन दिवस स्वतःच्या डोक्यावर घेतलंत, आणि वर सुयांशिवाय एक पैसा घेतला नाहीत.

पिशवी धुऊन वाळवलीय, रविवारी आणून देते. डॉक्टरांच्या त्या पत्राच्या दहा झेरॉक्स काढल्यात, लेकीचं नाव झाकून. काउंटरच्या खणात ठेवा. असं पोर घेऊन कुणी आई आली तर एक द्या, आणि माझा नंबरही.

तुमची,
अमळनेरची एक आई