बाबांनी घालायची घावनं

उप्साला,
नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "डाळ-भात काय, होतोच. गोडाचं मात्र काही होत नाही गं." ते ऐकल्यापासून चैन नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी तीन आठवडे होते, बाबांना कुकर, फोडणी, चहा सगळं दाखवलं आणि गोडाचा एकही पदार्थ शिकवला नाही. आईला जेवल्यावर दोन घास गोड लागतं हे मला माहीत नाही असं थोडंच आहे! फोनवरचं निसटून जातं म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, हा कागद फ्रिजला लावून ठेवा.

इथे स्वीडनमध्ये घरोघरी होणारी पातळ, गोल, मऊ घावनं असतात. त्यांना पन्काका म्हणतात. बाबांच्या नव्या कवळीलाही त्रास नाही, जिभेने दाबली तरी तुटतात. तुमच्या नातीच्या शाळेत दर गुरुवारी जेवायला पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप असतं आणि त्यानंतर ही घावनं. सैन्यातसुद्धा गुरुवारी हेच. असं का, हे मी शेजारच्या आजींना विचारलं. पूर्वी हा देश कॅथलिक होता तेव्हा शुक्रवारचा उपास असायचा, म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायचे, असं सांगतात. पंथ बदलला, उपास गेला, गुरुवारचं जेवण मात्र राहिलं. मला एकदम आपला बुधवार आठवला. गुरुवार दत्ताचा, म्हणून बुधवारी रात्री बाबा बाजारातून सुरमई आणायचेच. तेव्हा तुम्ही ही घावनं गुरुवारी करू नका, त्यात अंडी आहेत. शनिवार-रविवार बरा.

बाबा, तुमच्यासाठी इतिहासाची एक गोष्ट. आमच्या उत्तरेला अर्बीहूस नावाचा किल्ला आहे. तिथे एरिक चौदावा हा राजा कैदेत होता. 1577 साली तो मेला. वाटाण्याच्या सुपातून त्याला विष घातलं, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. 1958 साली त्याची कबर उघडून तपासणी केली तेव्हा अवशेषांत खरोखरच आर्सेनिक सापडलं. सूप खाताना मला दर वेळी तो राजा आठवतो.

आता कृती. आपली आमटीची वाटी घ्या. वाटीभर मैदा, जेमतेम अडीच वाट्या दूध, दोन अंडी, दोन चिमूट मीठ. पिठात साखर घालायची नाही, ती तव्याला चिकटते आणि घावन शिजायच्या आधीच काळं पडतं. मैद्यात मीठ घालून आधी निम्मंच दूध ओता आणि गुठळी राहणार नाही असं घोटा. सगळं दूध एकदम ओतलं की गुठळ्या पोहत राहतात, मग कितीही ढवळा. पीठ गुळगुळीत झालं की उरलेलं दूध, शेवटी अंडी फोडून घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात मैदा दूध पितो. न थांबता घातलेलं घावन उलथताना फाटतं, हे मी पहिल्या हिवाळ्यात कितीतरी वेळा पाहिलं. घालायच्या आधी दोन चमचे वितळलेलं लोणी पिठात मिसळा.

आई, तू खुर्ची ओट्याजवळ ओढून बस आणि बाबांना पीठ दाखवायला सांग. आपल्या तांदळाच्या घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट, पळीवरून धार अखंड पडली पाहिजे. तांदळाचं पीठ खाली बसतं म्हणून तू दर घावनाला ढवळतेस, तेवढं इथे लागत नाही. घालायची रीतही वेगळी. तू कडेकडेने पीठ सोडत मध्ये येतेस आणि जाळी पडते. इथे तवा उचलून मध्ये पीठ ओततात आणि मनगट फिरवून ते कडेपर्यंत पसरवतात. बिडाचा तवा बाबांच्या हाताला जड होईल, त्यापेक्षा दांडीचा नॉनस्टिक घ्या.

लोणी तव्यावर घातलं की आधी फेसाळतं आणि चुरचुरतं. मग आवाज हळूहळू कमी होतो, फेस बसतो आणि काजू भाजल्यासारखा वास येतो. पीठ नेमकं त्या क्षणी ओतायचं, जरा उशीर झाला की लोणी करपतं. वरचा ओलेपणा गेला आणि कड तांबूस होऊन तव्यापासून सुटू लागली की पातळ उलथणं आत सरकवा. दुसरी बाजू अर्ध्या मिनिटात होते. पहिलं बहुतेक वेळा बिघडतं, तवा पुरता तापलेला नसतो. ते बाजूला ठेवा, पुढची नीट येतात. झाली की एकावर एक रचून ताट झाका, वाफेने मऊ राहतात.

इथे वर लिंगोन नावाच्या लाल, आंबट-तुरट रानफळाचा मुरंबा घालतात. सप्टेंबरात आम्ही तिघं बादली घेऊन रानात गेलो होतो. रान कुणाच्याही मालकीचं असो, तिथली रानफळं कुणीही वेचावीत असा इथला हक्कच आहे. लहानपणी आजोळच्या सड्यावर आपण करवंदं काढायला जायचो, तेव्हा तरी कोण कुणाला विचारत होतं! लिंगोनमध्ये मुळातच बेन्झोइक आम्ल असतं, त्यामुळे नुसत्या साखरेत ढवळून ठेवली तरी टिकतात. तुमच्याकडे मेमधला करवंदाचा मुरंबा बरणीत असेलच, तो चमचाभर लावा. चव जवळजवळ तीच. नसेल तर गूळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळा, गोव्यातल्या आळेबेळेसारखं.

गोटलंड बेटावर केशरी पन्काका करतात. तांदूळ दुधात शिजवून त्यात अंडी, केशर, बदाम घालून भट्टीत भाजतात. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळे भरून आले. गौरीच्या दिवशी तू घावनाबरोबर घाटलं करायचीस, घरभर वेलचीचा वास असायचा, तो दिवस आठवला. आई, तुझ्या हातचं घावन-घाटलं मला अजून कुठे मिळालेलं नाही. गुडघा बरा झाला की पुढच्या गौरीला मी येते. पीठ तू सांग, तव्यापुढे मी उभी राहीन.

तोवर बाबा आहेत. शनिवारी तुमच्याकडे संध्याकाळी सात वाजता, म्हणजे इथे दुपारी अडीचला, मी व्हिडिओ कॉल लावते. साडेसहाला पीठ भिजवून झाका. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा, म्हणजे तवा दिसेल आणि खुर्चीतली आईपण दिसेल.

तुमची,
बाय