हवामान निधी आणि आपले मामा तलाव

आमची छोटी संस्था रामटेककडच्या एका माजी मालगुजारी (मामा) तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेल्या तलावावर, काम करते. पाळ खचली आहे, पात्रात गाळ साचला आहे आणि बेशरम हे तण माजले आहे. विकसनशील देशांना हवामान बदलाशी लढायला पैसा देणाऱ्या ‘ग्रीन क्लायमेट फंड’ या जागतिक निधीकडे अर्ज करा, असे बरेच जण सुचवतात. पण दक्षिण कोरियातील या निधीकडे कोणालाही थेट पैसे मागता येत नाहीत. मागणारी संस्था सहसा आधी अधिस्वीकृत, म्हणजे निधीने तपासून मान्यता दिलेली, असावी लागते. देशातील संस्थेला त्यासाठी प्रथम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची शिफारस हवी. मग हिशेब व लेखापरीक्षण, पर्यावरणीय-सामाजिक सुरक्षा, स्त्री-पुरुष समानतेचे धोरण, सगळे तपासले जाते. धोरण कागदावर असून भागत नाही, ते राबवल्याचे पुरावे मागतात. त्यानंतर निधीच्या मंडळाची मंजुरी आणि कायदेशीर करार. आमच्याकडे तर पूर्णवेळ हिशेबनीसही नाही!

आमच्यासारख्यांनी हा गड चढण्याचा हट्ट धरू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेला २०१५ मध्येच ही मान्यता मिळाली आहे. तिच्याच मार्फत ओडिशातील तलावांतून भूजल पुनर्भरण आणि सौर सिंचनाचा प्रकल्प २०१७ मध्ये मंजूर झाला. मग पूर्व विदर्भातील हजारो मामा तलावांसाठी तसा प्रस्ताव का नको? नीरीसारखी राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे. शास्त्रीय अभ्यासाची बाजू ती सांभाळू शकेल. राज्य सरकारने नाबार्डशी बोलणी सुरू करावीत. गावोगावची माहिती आम्ही द्यायला तयार आहोत.

– एक वाचक, नागपूर