चावी लावू न देणाऱ्या ताई आणि गॅरेजवाले भिया

रविवारी इंदूरला रामबागेतून महूकडे निघताना वाटेतल्या एका पंपावर आमच्या डिझेल गाडीत १२ लिटर पेट्रोल पडलं. पावती फाडताना तिथल्या ताईंच्या लक्षात आलं. "दादा, चावी लावूच नका!" म्हणत त्या धावत आल्या. त्या एका वाक्याने गाडी वाचली. नुसतं इग्निशन ऑन केलं तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप इंधन पुढे ढकलतो. तिथून इंजिनाकडे जोरदार दाबाने इंधन पाठवणाऱ्या हाय-प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलने ते जातं, धातू घासतो आणि त्याचा कीस थेट इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये पोहोचतो.

गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला घेतली. जवळच्या गॅरेजचे भिया (म्हणजे इंदुरी भैया) सुट्टी असून आले. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, ठिणगी नको म्हणून. मग टाकी पूर्ण रिकामी, नवा डिझेल फिल्टर, ताजं डिझेल, आणि हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) दाबून दाबून लाइनमधली हवा काढली. तीन तास गेले. तेवढा वेळ आमच्या आईला त्यांनी स्वतःच्या घरी पंख्याखाली बसवलं, पोहे खाऊ घातले.

ताई, भिया, तुमची नावं विचारायची राहिली. मनापासून आभार.