चमकणाऱ्या उंदराच्या फोटोसोबत रंगांची पट्टीही छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

कॅन्सरवर नवीन औषध सापडलं अशी बातमी आली की सोबत बऱ्याचदा एक फोटो असतो, ओळीने झोपलेले चार-पाच उंदीर, त्यांच्या छातीवर नाहीतर पोटावर लाल-पिवळे-निळे डाग, आणि शेजारी औषध दिलेले उंदीर ज्यांच्या अंगावर डागच नाहीत. मी लॅबमध्ये हेच इमेजिंग करते, त्यामुळे असा फोटो छापून आला की ओळखीचे लोक फोन करतात, ताई हे स्कॅन आमच्या पेशंटचं कुठे करून मिळेल? त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

फोटोतले डाग म्हणजे उंदराच्या आतून येणारा उजेड, आणि हा उजेड काजव्याचा आहे. अमेरिकेतल्या एका काजव्याचं ल्युसिफरेजचं, म्हणजे उजेड पाडणाऱ्या एन्झाइमचं, जीन १९८५ मध्ये वेगळं काढलं गेलं, आणि १९९५ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या कॉन्टॅग पती-पत्नींच्या टीमने जिवंत उंदराच्या आतले चमकणारे बॅक्टेरिया बाहेरून कॅमेऱ्याने टिपून दाखवले, तिथून ही पद्धत कॅन्सरकडे आली. कॅन्सरच्या पेशींत हे जीन आधी लॅबमध्ये घालायचं आणि मग त्या उंदरात सोडायच्या. पेशंटच्या गाठीत ते जीन नसतंच, शिवाय एवढा मंद उजेड माणसाच्या शरीरातून बाहेर येणंही अवघड, एक सेंटीमीटर मांस ओलांडतानाच त्यातला बहुतेक विरून जातो. उंदीर लहान म्हणून तिथे जमतं.

प्रत्यक्षात उंदीर चमकताना दिसतही नाही. २० ग्रॅमच्या उंदराला साधारण ३ मिलिग्रॅम ल्युसिफेरिन, म्हणजे ल्युसिफरेज ज्याच्यापासून उजेड पाडतं ते रसायन, पोटात टोचायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आयसोफ्लुरेनची भूल देऊन बंद काळ्या पेटीत गरम पाटावर झोपवायचं, नाकाशी भुलीची नळी तशीच ठेवायची, आणि वरून उणे ९० डिग्रीपर्यंत थंड केलेला कॅमेरा डोळ्याला न दिसणारा तो उजेड मोजतो. लाल-निळे रंग कॉम्प्युटर नंतर भरतो, लाल म्हणजे उजेड जास्त आणि निळा म्हणजे कमी, बस. कोणता रंग म्हणजे किती उजेड ते फोटोच्या बाजूच्या रंगांच्या पट्टीवर असतं. आता दोन फोटोंची पट्टी वेगवेगळी लावली तर तोच ट्युमर एकात लालभडक दिसेल आणि दुसऱ्यात जवळजवळ गायब, आणि पेपरात फोटो कापताना नेमकी ती बाजूची पट्टीच उडते!

आणखी एक गोष्ट बातमीत कधीच येत नाही. या उजेडाला ऑक्सिजन लागतो आणि पेशीतलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. पेशी मेली की उजेड गेला, म्हणून औषध लागू पडतंय का ते लवकर कळतं, हे खरंच. पण गाठ खूप वाढली की तिच्या आत रक्त पोचत नाही, मग गाठ मोठी होत असतानाही उजेड कमी होऊ शकतो, म्हणून आम्ही फोटोवर न थांबता व्हर्नियर कॅलिपरने गाठ मोजतो आणि शेवटी टिश्यू कापून बघतो. त्यात माणसाच्या कॅन्सर पेशी वाढवायला बऱ्याचदा न्यूड माईस, म्हणजे बिनकेसांचे उंदीर, वापरतात, त्यांना थायमस ग्रंथीच नसते, प्रतिकारशक्ती लंगडी, मग त्यांच्यात जे झालं ते माणसात तसंच होईल हे कशावरून?

याचा अर्थ ही पद्धत कुचकामी आहे असं अजिबात नाही, मला तिचं फार मोल वाटतं. पूर्वी फुप्फुसात कॅन्सर किती पसरला ते बघायला दर टप्प्याला काही उंदीर मारावे लागायचे, समजा पाच टप्पे आणि दरवेळी आठ, म्हणजे ४० उंदीर. आता तेच आठ उंदीर आठवड्यामागून आठवडे बघता येतात, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या आठवड्याशी होते. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातही, लहान प्राण्यांच्या इमेजिंगची सोय आहे, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना आपल्याकडे एथिक्स कमिटीची परवानगी लागते, तिथेही एवढे प्राणी कशाला हे विचारलं जातं. ही बाजू छापून यावी असं मनापासून वाटतं.

तर विनंती एवढीच, की हेडिंगमध्येच ‘उंदरांमध्ये’ हा शब्द घाला, रंग कॉम्प्युटरने भरलेत हे फोटोखाली एका ओळीत सांगा, आणि बाजूची पट्टी कापू नका.

आपली,
एक वाचक, नवी मुंबई