मधुमेहाच्या तपासणीत यकृत का वगळले जाते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंचगंगा पात्राबाहेर पडली की साथीच्या आजारांच्या सूचना आपल्या पत्रात नियमाने येतात. त्यांत मधुमेही माणसासाठी वेगळे काही नसते, ही उणीव आमच्या घराने भोगली आहे.

माझे थोरले बंधू अकरा वर्षांपासून मधुमेही आहेत. २०२१ च्या महापुराचे पाणी ओसरून महिना झाला असेल, तेव्हा त्यांना रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप येऊ लागला. उजव्या बरगडीखाली दुखे आणि उजवा खांदा ठणके. घरातला गाळ उपसून अंग धरले असेल, असे डॉक्टरांसह सर्वांनीच मानले आणि आठ दिवस वेदनाशामक गोळ्यांवर गेले. जुलाब एकदाही झाले नव्हते, त्यामुळे पोटाकडे कुणाचे लक्ष गेले नाही. रक्तातील साखर ३८० वर पोहोचल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली, तेव्हा यकृताच्या उजव्या भागात मोठे गळू दिसले. सुईने काढलेला तो दाट, तपकिरी पू बाटलीत उतरताना पाहून वहिनी एवढेच म्हणाल्या, "हे एवढं आत होतं?"

हे काम अमीबा या परजीवीचे होते. दूषित पाण्यातून तो आतड्यात जातो आणि तिथून रक्तावाटे यकृत गाठतो. जुलाब नसले म्हणजे अमीबा नाही, असे मुळीच नाही. मधुमेहात साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि जंतुसंसर्गामुळे साखर आणखी चढते. हे दुष्टचक्र वेळीच तोडावे लागते. मधुमेहींच्या यकृतात जिवाणूंमुळेही पू होतो आणि लक्षणे सारखीच असतात, म्हणून निदान अंदाजाने करू नये. बंधूंना गळूवरच्या औषधानंतर आतड्यात उरलेल्या अमीबासाठी दुसरे औषध दिले गेले. बरे वाटू लागल्यावर हा दुसरा भाग अनेक जण सोडून देतात आणि दुखणे उलटण्याची वाट मोकळी ठेवतात. पूरकाळात वाटले जाणारे क्लोरीनचे थेंब आवश्यकच आहेत, परंतु नेहमीच्या मात्रेत अमीबाचे कोष त्यांना दाद देत नाहीत. पाणी उकळूनच प्यावे लागते.

दुसरा परजीवी कुत्रा आणि मेंढी यांच्यात फिरतो. मेंढ्यांचे कळप आणि मटणाची दुकाने आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी असलेले यकृत वा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले की त्याच्या आतड्यात जंत वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांवाटे माणसाच्या पोटात जातात. मग यकृतात वर्षानुवर्षे, काही न दुखता, गाठ वाढत राहते. मटण खाल्ल्याने हे होते ही समजूत चुकीची आहे. गाठी असलेला तो भाग उघड्यावर न टाकता खोल पुरला पाहिजे.

मात्र परजीवी नसतानाही मधुमेह यकृताला सोडत नाही, आणि मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात चरबी साचलेली आढळते. दारूला कधीही न शिवलेल्या माणसातही ती पुढे यकृत कठीण करू शकते, आणि तोवर काहीच त्रास होत नाही. यकृत असे खंगले की साखरेचा साठा राहत नाही. मग रोजचीच गोळी घेऊन रात्री साखर एकाएकी उतरू शकते.

केंद्र सरकारने २०२१ साली यकृतातील चरबीचा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला आहे. तरीही आमच्या भागातील शिबिरांत मी पाहतो ते बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा एक थेंब आणि रक्तदाब, एवढेच. वय, एसजीओटी व एसजीपीटी ही यकृतासाठीच्या रक्ततपासणीतील दोन मोजमापे आणि रक्तातील प्लेटलेटची संख्या या चार आकड्यांवरून यकृत कठीण होत असल्याचा प्राथमिक अंदाज येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेहींसाठी ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी, आणि पुरानंतर ताप व उजवीकडे दुखणे घेऊन आलेल्या मधुमेहीची सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हावी, अशी जिल्हा आरोग्य प्रशासनास विनंती आहे. यंदा पुराच्या सूचना छापताना त्यांत या दोन लक्षणांची ओळ आपण घालावी, ही आपणास विनंती.

आपला,
एक वाचक, करवीर तालुका, कोल्हापूर