कामठीच्या मावशींना, बाबांच्या चिरूटांबद्दल

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, भराभर वाचू नको.

तुम्ही बाबांचे तडकलेले चिरूट नीट करून दिले, अर्ध्या दिवसाची मजुरी मागून घेतली, हिशेब मिटला. तरी आभार मानल्याशिवाय राहवत नाही. कारण तुमच्याकडे येण्याआधी जे अनुभव आले, ते अजून डोक्यातून जात नाहीत.

बाबा नागपुरात रेल्वेच्या अजनी लोको शेडमधून निवृत्त झाले, हे तुम्हाला त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांचे एक सोबती तमिळनाडूतल्या त्रिचीचे. नोकरी संपल्यावर ते गावी गेले आणि दर दिवाळीला तिथल्या उरैयूरच्या चिरूटांची पेटी पाठवत राहिले. इंग्रजांच्या काळात हा माल विलायतेला जायचा, हे बाबांचं आवडतं पालुपद. डॉक्टरांनी त्यांचं ओढणं कधीच बंद केलंय, आणि ते बरंच झालं. बाबा फक्त झाकण उघडून वास घेतात. यंदा ते काका गेले. म्हणजे ही पेटी शेवटची.

त्यात आपला मे महिना! पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि दुपारच्या हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. चिरूटाला लागतो पासष्ट ते सत्तर टक्के. पोटातला तंबाखू आणि तो बांधणारं पान कसंबसं तग धरतं, पण सगळ्यात वरचं पातळ, देखणं पान आधी तडकतं. पेटी उघडली की पापुद्रे बोटाला चिकटून यायला लागले.

मी शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी न विचारता एक चिरूट उचलला, अंगठ्याने दाबला आणि तो धड होता तोही चिरला. वर म्हणाले, ‘कचरा आहे, नवीन घ्या.’ नवीन पेटीची किंमत मात्र लगेच सांगितली. पुण्याच्या भाच्याने फोनवरून मध लावायला सांगितलं. पुण्यात मुंग्या नसतील कदाचित. शेजारच्यांनी कूलरसमोर ठेवून पाहा म्हटलं. शेवटी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘माझी मावशी कामठीले बिड्या वळते, तिले दाखवा ना.’

तुम्ही आयुष्यात चिरूट हातात धरला नव्हता. गंमत बघा, 1966 साली सरकारने कायदा केला त्याच्या नावातच बिडी आणि सिगार कामगार शेजारी शेजारी होते, आणि तुमची-त्याची गाठ पडायला बाबांचे चिरूट तडकावे लागले. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून तुम्ही एक चिरूट उजेडात फिरवला आणि म्हणालात, ‘मेलं नाही हे पान, तहानलं हाय.’

मी म्हटलं, पाणी मारू का? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की बस. ‘पान्यात बुडवाचं नाही. आतला तंबाखू आधी फुगन, मंग पान फाटन.’ तेंदूपत्ता ओल्या फडक्यात मुरवणाऱ्या हातांनाच हे कळणार. डब्यात ओलसर फडकं, पण चिरूटाला न टेकेल असं, वर झाकण, आणि तुम्ही सांगेपर्यंत कोणी उघडायचं नाही. बाबांनी मध्येच उघडून बघायचा हट्ट धरला, तर तुम्ही फोनवरच त्यांना दटावलं. त्यांना इतकं हक्काने दटावणारं घरात आता कोणी उरलेलं नाही.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

तडकलेल्या जागी लावायच्या ठिगळाला पान तर हवंच होतं, आणि ते त्याच पेटीतल्या एखाद्या चिरूटाचं निघणार होतं. समोर एक पार मोडका पडला होता. मी असतो तर तोच उचलून कात्री चालवली असती, कोणीही चालवली असती. तुम्ही कात्री खाली ठेवली. माझ्याकडे नाही, बाबांकडे वळलात आणि विचारलंत, ‘काकाजी, कोनता कापू? तुमी सांगान तोच घेतो.’

बाबांनी वेळ लावला. एकेक उचलून वास घेतला. तुम्ही घाई केली नाही. बाजूला सूप रिकामं, म्हणजे त्या वेळात तुमच्या बिड्या बुडत होत्या. शेवटी त्यांनी मोडका सोडून भलताच एक पुढे केला. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही.

मग जे झालं ते मी नुसतं पाहत बसलो. पान उकलून तुम्ही शिरा तपासल्या. पानाचा डावा अर्धा आणि उजवा अर्धा उलट दिशांना गुंडाळतात, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला शिरांच्या कलावरूनच कळलं की हा तुकडा इथे बसेल, तिथे नाही. धावड्याचा डिंक, लाडवाला वापरतो तोच, पातळ करून करंगळीच्या टोकाने कडेला लावला. त्याआधी हात साबणाने धुतले, कारण ‘तोंडात जाची वस्तू हाय’. ती कोणाच्या तोंडात जाणार नाही हे माहीत असूनही.

मावशी, ठेकेदार तुमच्या बिड्या ‘खराब’ म्हणून कशा बाजूला टाकतो आणि तेव्हा तुम्हाला कोणी विचारतही नाही, हे त्या दिवशी तुमच्या सुनेकडून ऐकलं. ज्यांना कोणी विचारत नाही, तेच असं विचारतात की काय, कोण जाणे. दवाखान्यात बाबांचा हात उचलून सुई टोचतात तेव्हाही ‘कोणता हात देऊ’ एवढं कोणी म्हणत नाही. काउंटरवरच्या त्या साहेबांना तर दुकानभर माल असून ते सुचलं नाही.

ठिगळं जवळून पाहिली तर दिसतात. बाबा ती पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात. मोडका चिरूट आहे तसाच पेटीत आहे, त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. पेटी आता आतल्या खोलीत, बंद डब्यात, ओलसर फडक्यासकट. फडकं बदलायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय आणि त्या निमित्ताने सकाळी लवकर उठतात.

एक राहिलं. बाबा म्हणतात, त्यातला एक चिरूट तुम्हाला द्यायचा. मी म्हटलं, त्या बाईंना दिवसभर तंबाखूच्या धुळीने खोकला, त्या काय करतील त्याचं? तर म्हणाले, तू परस्पर ठरवू नको, विचारून पाहा.

तर विचारतो. हो म्हणालात तर रविवारी घेऊन येतो. नाही म्हणालात तरी येतो, तुमच्या खोकल्यासाठी मेयो दवाखान्यात दाखवायचं ठरलंय ना.