बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

लायडेन, नेदरलँड्स
२ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलावर दिलेल्या मताविषयी बोलताना तुम्ही विचारलंत, "निकाल कुणावर बंधनकारकच नाही, तर त्या पोरांनी सहा वर्षं घालवली कशासाठी?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

२०१९ मध्ये व्हानुआतू या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशात, पोर्ट व्हिला इथे साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ मुलामुलींनी वर्गातल्या अभ्यासातून हे काम हाती घेतलं. हवामानबदलाच्या विरोधात आपल्या बेटांना कायद्याचा कोणता मार्ग मोकळा आहे, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्लागार मत, म्हणजे कायद्याचा अर्थ सांगणारं पण बंधनकारक नसलेलं मत, मागायचं ठरवलं. २०११ मध्ये पलाऊ या पॅसिफिकमधल्याच देशानेही तसा प्रयत्न केला होता, पण तो तडीस गेला नाही. म्हणून या मुलांनी आधी अभ्यास पक्का केला आणि मग पॅसिफिकमधल्या सरकारांना पत्रं लिहिली. व्हानुआतूच्या सरकारने त्यांची मागणी उचलून धरली.

हवामानाबाबत देशांची कायदेशीर कर्तव्यं कोणती, हा प्रश्न न्यायालयापुढे ठेवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव हवा होता. २९ मार्च २०२३ ला तो झाला, १३२ देश सहप्रस्तावक आणि विरोधात कुणीच नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ज्युडी आणि केव्हिन ही दोन चक्रीवादळं लागोपाठ व्हानुआतूवर येऊन गेली होती. घरांची छपरं उडालेली असताना त्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये हे काम तडीला नेलं, याचं मला फार मोल वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये हेगला सुनावणी झाली. ९६ देश बोलले. त्या २७ जणांपैकी सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही न्यायाधीशांसमोर बोलायला उभी राहिली, तेव्हा मी खोलीत प्रक्षेपण लावून बसले होते. आपला देशही बोलला. श्रीमंत देशांनी जास्त धूर सोडला, त्यांनीच जास्त भार उचलावा, हे भारताचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण देशांची कर्तव्यं हवामानाच्या करारांपुरतीच मानायची, हे त्याचं म्हणणं मात्र मला पटलं नाही.

२३ जुलैला मत आलं, तेही सगळ्या न्यायाधीशांचं एकमताने. कोळसा-तेल काढायला परवाने देणं, त्यांना अनुदान देणं, हेसुद्धा एखाद्या देशाचं बेकायदा कृत्य ठरू शकतं. त्यातून नुकसान झालं आणि दोहोंचा संबंध दाखवता आला, तर भरपाईही मागता येते. बाबा, मत बंधनकारक नाही हे खरं, पण ज्या कायद्याचा अर्थ त्यात सांगितलाय तो कायदा बंधनकारक आहे. आता कुठल्याही देशातला वकील आपल्या न्यायालयात हे मत पुढे ठेवू शकतो.

एप्रिल २०२० मध्ये हॅरॉल्ड वादळाने व्हानुआतूला झोडपलं आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्याकडे कोकणात आलं. कुठल्याही एका वादळाचं खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही, ते शास्त्रज्ञांचं काम आहे. पण आपल्या वाडीतल्या रोठा जातीच्या सुपारीची झाडं आडवी झाली, त्याची किंमत अजून कुणी नीट मांडलेली नाही. नवी रोपं लावली तरी सुपारी धरायला वर्षं जातात. पंचनाम्यात फक्त पडलेली झाडं मोजली, मधल्या वर्षांचं बुडालेलं उत्पन्न कोण मोजणार? माझ्या प्रबंधात एक प्रकरण याच मोजणीवर असेल.

त्यासाठी तुमची मदत हवी आहे. आपल्या पंचनाम्याची प्रत आणि भरपाई जमा झाल्याची पासबुकातली नोंद फोटो काढून पाठवा. निसर्गच्या आधी आणि नंतर दरवर्षी किती मण सुपारी निघाली, तेही लिहा. तुमच्या वहीत असेलच. आजूबाजूच्या वाडीवाल्यांनाही विचारा, मात्र कुणावर जबरदस्ती नको. नावं मी छापणार नाही.

आईला सांगा, इथे सध्या ऊन आहे, मी वेळेवर जेवते, आणि तिने दिलेलं मेतकूट संपत आलंय.

तुमची,
मुक्ता